चवड्याचं माप

‘ताई, घालून घालून सैल होईल.’

नगरच्या कापड बाजारापासून सावेडीतल्या काचेच्या शोरूमपर्यंत कुठेही जा, पायात नवा बूट घालून मी कपाळाला आठी घातली की समोरून हे वाक्य येतंच. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी ज्या वहाणा विकल्या, त्या खरंच सैल व्हायच्या. आमच्या दादांच्या वहाणा नव्या असल्या की आठवडाभर साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा करकरायच्या. रात्री दादा त्यांना एरंडेल चोळून भिंतीशी उभ्या करून ठेवायचे. पट्टा चावायचा, फोड यायचा, फुटायचा, मग कातडं नरम पडायचं. शेवटी त्या वहाणा इतक्या दादांच्या होऊन जायच्या, की दुसऱ्या कोणी घातल्या तर त्याला लंगडायला व्हायचं. पळायच्या बुटाचं तसं नाही. त्याचं वरचं अंग पॉलिस्टरच्या धाग्यांचं, विणलेल्या जाळीचं. ते ताणत नाही, फार तर करंगळीपाशी फाटतं. त्याआधी करंगळीचं नख काळं पडून गळून गेलेलं असतं.

माझा पाय रुंद आहे. पाथर्डी तालुक्यातल्या डोंगरकडेच्या गावात माझं लहानपण गेलं. चप्पल होती, पण ती मढीच्या यात्रेला, मोहट्याला, लग्नकार्याला. एरवी शाळा, ओढा, शेत, विहीर, सगळं अनवाणी. पाय लांबीला वाढतो तसा आडवाही वाढतो, आणि माझ्या पायाला आडवं वाढताना कोणी अडवलं नाही. बोटं एकमेकींपासून सुटी, अंगठा सरळ, चवडा पसरट आणि टाच मात्र चिंचोळी. लांबी बघून घेतलं तर सहा नंबर बसतो, चवडा बघून घेतलं तर आठही कमी पडतो. बायकांच्या बुटांत हा पाय मावतच नाही. बायकांचे पाय कसे असावेत अशी कोणाची तरी एक कल्पना आहे आणि बायकांचे बूट त्या कल्पनेवर बेतलेले असतात, असं माझं मत होऊन गेलं आहे. त्यामुळे बरीच वर्षं मी पुरुषांच्या फळीवरून बूट उचलते. काळा, निळा नाहीतर राखाडी रंग मिळतो. गुलाबी पट्टी नसते, हा वरचा फायदा.

बुटावरचा नंबर हा लांबीचा असतो, हे दुकानात कोणी बोलत नाही. आपल्याकडे चालतो तो इंग्रजी नंबर. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. सहाच्या जागी सात घेतला की लांबीत तेवढी जागा वाढते, रुंदीत मात्र त्याच्या निम्मीही नाही. म्हणजे चवड्याला जागा हवी म्हणून एकेक नंबर चढत गेलं, तर बोटांपुढे मोकळं मैदान तयार होतं, टाच मागे उचलली जाते आणि चवडा होता तिथेच दाबलेला राहतो. रुंदीसाठी वेगळी अक्षरं आहेत. पुरुषांचा नेहमीचा बूट डी, बायकांचा बी, आणि त्याहून रुंद पायांसाठी टू-ई, फोर-ई. हे रुंद बूट जगात बनतात, नगरच्या फळीवर ते मला दिसलेले नाहीत.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजून घेतले. भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात, असं त्यातून निघालं. मग ‘भा’ नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवण्यात आली. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या मापाच्या बुटांत पाय कोंबत होतो, याला अखेर सरकारी कागदाचा आधार मिळाला. आई असती तर म्हणाली असती, त्याला एवढी मोजमापं कशाला, तारकपूरच्या स्टँडवर बसून उतरणाऱ्यांचे पाय बघायचे की.

गावात माप घ्यायची रीत निराळी होती. जोडे बनवणारे काका आम्हाला कागदावर उभं करायचे आणि पावलाच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायचे, दोन्ही पायांच्या. डावा आणि उजवा पाय अगदी सारखे नसतात, हे त्यांना ठाऊक होतं. अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी ते बोटाने जरा दाबून बघायचे आणि तिथे कागदावर एक बारीक खूण करायचे. मग रापी चालायची. आज दुकानात पायाखाली सरकवतात त्या पट्टीवर फक्त टाच आणि अंगठा दिसतो. काकांचा कागद पाय जसा होता तसा ठेवून घ्यायचा. पण या कारागिरीची आठवण काढताना गळा काढायला माझं मन धजत नाही. ज्यांनी गावाचे पाय ओळखले, त्यांना गावाने ओसरीच्या खालीच बसवलं. आणि गावोगाव अशी घरं होती, की ज्यांतल्या माणसांना वाड्यापुढून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या पायात ती होती.

रुंद पायाची मला लाज वाटायची ती कॉलेजात. पळायला लागल्यावर वाटेनाशी झाली, आणि वाचायला लागल्यावर तर थोडा तोराच आला. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर धावण्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत होती, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या, हे दोराबजींच्या नजरेत भरलं. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो भारतीय संघ गेला, त्याच्या मुळाशी ही शर्यत होती. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन आजवरच्या ऑलिंपिक मॅरेथॉनांत सगळ्यात लांब, ४२.७५ किलोमीटरची. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. गंमत अशी, की जवळपास नव्वद वर्षांनी त्याच अँटवर्पच्या विद्यापीठातले संशोधक भारतात आले, दक्षिणेतल्या आयुष्यभर अनवाणी चाललेल्या लोकांचे पाय मोजायला. २००९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. बूट घालणाऱ्या बेल्जियन लोकांचे पाय चिंचोळे, अनवाणी चालणाऱ्यांचे रुंद. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते पुढे होतं: चालताना अनवाणी पायावर पडणारा भार तळव्यावर जास्त सारखा वाटला जातो. बूटवाल्यांमध्ये तो ठरावीक जागी साचतो. चवडा पसरट असणं हा पायातला बिघाड नसून पायाने शिकून घेतलेलं काम आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

आता नगरबद्दल. कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच. हे पळणाऱ्यांचं शहर आहे, पण हौसेने पळणारे इथे थोडे. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाभोवती आम्ही पन्नाशीची माणसं साखर आणि रक्तदाबाच्या भीतीने पळतो. रविवारी कोणी पाथर्डी रस्त्याने चांदबीबी महालाच्या डोंगरावर चढतं (तो महाल चांदबीबीचा नाही, निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे, पण हे सांगून चढ कमी होत नाही). खरे पळणारे ते भरतीवाले. रणगाडा दलाचं आणि यांत्रिक पायदळाचं केंद्र इथे, त्यामुळे फौज रोज डोळ्यांसमोर. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची आणि शेजारच्या आष्टीची पोरं-पोरी इथे खोल्या घेऊन राहतात, अकॅडम्या लावतात. अनेकांचे आईबाप सहा-सहा महिने ऊसतोडीला कारखान्यांवर असतात. पोलीस भरतीत मैदानी परीक्षा ५० गुणांची. त्यात मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि या एका धावेला २० गुण. सेकंदाला किंमत असते. लष्कराच्या भरतीत धावेनंतर वैद्यकीय तपासणी, आणि तिथे या मुलांची सगळ्यात मोठी धास्ती असते सपाट पायाची.

म्हणून पहाटे मैदानाच्या नळापाशी एक विधी चालतो. पाय ओला करायचा, कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवायचा आणि उचलून ठसा बघायचा. टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या बाजूने जागा कोरडी राहिली की हायसं. सगळा तळवा उमटला की चेहरा उतरतो. मग कोणी बाटली पायाखाली लाटत बसतं, कोणी वाळूत चालतं, कोणी पाचशे रुपयांचा उंचवट्याचा तळ बुटात घालतं. खरं तर लष्कराच्या तपासणीचा नियम एवढा निर्दय नाही. पाय सपाट दिसला तरी चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, मुलगा चवड्यांवर उड्या मारू आणि पळू शकत असेल, पाय लवचीक आणि दुखणंमुक्त असेल, तर त्याला घेता येतं. हे नळापाशी कोणी कोणाला सांगत नाही. ठशाची भीती मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

या सपाट पायामागे एक चटका लावणारी गोष्ट आहे. राव आणि जोसेफ या आपल्याच डॉक्टरांनी १९९२ साली चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून एक निबंध लिहिला. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, अनवाणी मुलांत २.८ टक्के. त्यातही पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत जास्त, सँडल आणि स्लिपरवाल्यांत कमी. नुसत्या ठशांवरून कारण पक्कं ठरत नाही, पण लहान वयातला बंद बूट कमानीच्या वाढीच्या आड येतो, असं त्या दोघांचं म्हणणं होतं. इकडे आपला बाप काय करतो? पोराला आपल्यासारखं अनवाणी राहावं लागू नये म्हणून तिसऱ्या वर्षी इंग्रजी शाळेत घालतो आणि काळे बंद बूट, पांढरे मोजे घेऊन देतो. पोरगं अठराचं झालं की त्याला फौजेत धाडायचं असतं, कारण शेतीत काही राहिलेलं नसतं. आणि ते नळापाशी ओल्या पायाचा ठसा बघत बसलेलं असतं. यात बापाला दोष देऊ नये. बूट ही त्याच्या लेखी पायाची गोष्ट नव्हतीच, ती प्रतिष्ठेची होती.

हाच ओला ठसा मोठ्या शहरांतल्या दुकानांनी उचलला आणि त्याचा धंदा केला. पुण्यातल्या एका दुकानात मला एका पाटीवर उभं केलं. पडद्यावर माझे तळवे लाल-पिवळे-हिरवे उमटले. विक्रेता मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, मॅडम, तुमचा पाय आत कलतो. पाय टेकला की थोडा आत कलणारच. धक्का पचवायची त्याची तीच रीत. पण त्यावरून मला ‘आधार देणारा’ एक बूट दाखवला गेला, ज्याच्या आतल्या बाजूला टणक फोमची भिंत होती. किंमत माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या किराण्याएवढी. कमान खाली असेल तर पाय रोखून धरणारा बूट, मध्यम असेल तर स्थिर, उंच असेल तर गादीचा, अशी ही वाटणी जगभर चालते. तिची परीक्षा अमेरिकेच्या लष्कराने घेतली, हवाई दल आणि मरीन्सनेही घेतली. हजारो रिक्रूट घेतले. निम्म्यांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, निम्म्यांना आकार न बघता एकाच प्रकारचा. प्रशिक्षण संपेपर्यंत दुखापती मोजल्या. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. हे निकाल २००९ पासून छापून येत गेले, दुकानातल्या पाट्या अजून आहेत.

मग काय बघायचं? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग हे या विषयातलं मोठं नाव. पाय कसा पडतो, कसा वळतो यावर आयुष्य घालवून २०१५ साली त्यांनी जे मांडलं, ते ऐकायला इतकं साधं आहे की ते विकायचं कसं हा प्रश्नच पडावा: जो बूट घालून पळताना बरं वाटतं, तो घ्या. त्याआधी त्यांच्या गटाने दोनशेच्या आसपास सैनिकांवर एक प्रयोग केला होता. अर्ध्याअधिक सैनिकांना बुटात घालायचे निरनिराळे तळ दिले आणि सगळ्यात आरामाचा निवडा म्हणून सांगितलं. निवडी वेगवेगळ्या आल्या, कोणा एका तळाला सगळ्यांनी पसंती दिली नाही. आणि ज्यांनी निवडला त्यांच्या दुखापती, तळ न दिलेल्यांपेक्षा कमी निघाल्या. पायाला कळतं. फक्त त्याला विचारायला वेळ द्यावा लागतो, आणि दुकानदार तेवढ्यात तिसरा डबा उघडून दाखवत असतो.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, मग बूट हवेत कशाला, अनवाणीच पळा. मिलिंद सोमणने २०१६ साली अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धाव घेतली, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. बारामतीच्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या, साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या तपासण्यांचे पैसे बक्षिसातून मिळतील म्हणून. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला. या दोन पावलांना एकाच ‘प्रेरणादायी’ वाक्यात बसवणाऱ्यांचा मला राग येतो. एकाच्या घरी बूट होते. आणि अनवाणी धावण्याचा देव मानला जाणारा इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमला १९६० साली अनवाणी पळाला, तो काही तत्त्व म्हणून नव्हे. तिथे मिळालेले बूट पायाला बसेनात, म्हणून. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पळाला, पुन्हा सुवर्णपदक आणलं, आणि वेळ तीन मिनिटांनी कमी केला. रोमची गोष्ट सगळे सांगतात. मला टोकियोची जास्त आवडते. त्या वेळी त्याला त्याच्या मापाचा जोड मिळाला होता.

तर दुकान. मी संध्याकाळी जाते. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजलेले असतात, पळताना ते तेवढेच फुगतात. ज्या मोज्यांत पळते तेच मोजे पिशवीत. नंबर सांगत नाही. तीन नंबर काढायला लावते. बूट हातात आला की आधी त्याच्या आतला सुटा तळ बाहेर काढते आणि जमिनीवर ठेवून त्याच्यावर उभी राहते. दुकानातल्या पोराला पहिल्यांदा वाटतं, बाईंना बूट घालता येत नाही. पण सगळं त्या तळावर दिसतं. करंगळी आणि अंगठ्याचं मूळ तळाच्या कडेबाहेर सांडत असेल, तर तो बूट कितीही भारी असो, परत डब्यात. पुढे, सगळ्यात लांब बोटापासून टोकापर्यंत अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं दुसरं असतं. मोठ्या पायाला बसेल ते माप घ्यायचं. मग बूट घालून, दोन्ही बूट, आणि दुकानाबाहेर. चितळे रोडच्या गर्दीत पळायला लाज वाटते खरी. पण फरशीवर चार पावलं चालून काही कळत नाही. पायरी उतरून मागच्या बोळात जायचं आणि जरा जोरात पळून यायचं. एकदा एका दुकानदाराने माझ्यामागे पोऱ्या पाठवला होता, बूट घेऊन पळाले तर म्हणून. पोऱ्या चपलेत होता आणि माझ्याहून वेगाने पळाला.

पाय झाला, आता जमीन. बूट विकणारे पायाबद्दल तरी बोलतात, जमिनीबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या जिल्ह्यात तर ती दर तीस मैलांवर बदलते. पारनेर, पाथर्डीकडे मुरूम आणि खडे, तिथे तळ पातळ असेल तर खडा तळव्याला भिडतो. राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाच्या पट्ट्यात काळी जमीन आणि पाटाच्या कडेची वाट. उन्हाळ्यात तिच्यासारखी पळायला मऊ जागा नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की तीच काळी माती तळाच्या खाचांत भरते आणि शंभर पावलांत बूट दुप्पट जड होतो. तिथे खोल खाचांचा महागडा डोंगरी बूट साध्या बुटाहून वाईट. अकोल्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला, उलटं. ओला कातळ, वाहतं पाणी, शेवाळ. तिथे बूट पाणी अडवणारा नको, पाणी सोडणारा हवा, कारण पाणी वरून आत येतंच. मांडव्याचा अविनाश साबळे, म्हणजे आमच्या सीमेपलीकडच्या आष्टी तालुक्यातला, ज्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम २०२४ साली पॅरिसला करून आला, तिच्यात सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असते. त्या शर्यतीच्या बुटांतही पाणी निघून जावं हेच बघतात.

आणि बाभूळ. आजकालचा फोम मऊ म्हणून मिरवतो, पण वेड्या बाभळीच्या काट्यापुढे तो काहीच नाही. काटा तळातून सरळ वर येतो आणि बाहेरून दिसतही नाही. धनगरांच्या खिळे ठोकलेल्या जाड वहाणा आणि आदिवासी पट्ट्यातल्या टायरच्या चपला ज्यांनी बनवल्या, त्यांना हे कंपन्यांच्या आधी माहीत होतं. मेक्सिकोच्या डोंगरातले, दिवसचे दिवस पळणारे ताराहुमारा लोकही टायरच्या तळाच्या चपलांतच पळतात. त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक आलं, ते जगभर गाजलं, आणि पातळ तळाच्या बुटांची लाट आली. आपल्या टायरच्या चपलेवर कोणी पुस्तक लिहिलेलं नाही. ती अजून बाजारात दोरीला लटकलेली असते.

कार्बनच्या पट्टीचे बूट मी हातात घेऊन पाहिले आहेत, पायात नाही. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला २०२० साली रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंतच असा नियम करावा लागला, यावरून त्यांच्यात काहीतरी आहे हे नक्की. किल्ल्याभोवती पळणाऱ्या बाईला ते काहीतरी लागत नाही.

भरतीच्या पोरांना तर या कशाचीच चैन नाही. सहा-सातशे रुपयांत येणारा हलका बूट, एक जोड, तो पावसाळ्यात वाळला नाही तरी तोच. कित्येकजण सरावाला अनवाणी पळतात आणि बूट मैदानी परीक्षेच्या दिवसासाठी राखून ठेवतात. मला हे काळजीचं वाटतं. न पळालेल्या बुटात परीक्षा द्यायची म्हणजे दोनशे मीटरनंतर कुठे घासणार हे देवाला ठाऊक. मी हे एकदा बोलून दाखवलं, तेव्हा शेवगावकडची एक मुलगी हसून म्हणाली, ‘काकू, आमचं घासून झालेलंच असतंय.’ तिचा पाय माझ्याच जातकुळीचा, चवडा पसरट, टाच बारीक. बूट तिच्या भावाचा होता. पण तो तिला छान बसला होता, हे तिच्या पळण्यात दिसत होतं. मी कसं काय विचारलं, तर तिने बाकावर पाय ठेवला आणि लेस दाखवली. चवड्याच्या सगळ्यात रुंद भागावरच्या भोकांच्या जोडीत तिने लेस ओवलीच नव्हती, कडेकडेने वर नेली होती, त्यामुळे तिथलं कापड मोकळं सुटलं होतं. आणि वर, घोट्यापाशी, जे शेवटचं जादा भोक बहुतेक लोक रिकामं सोडतात, त्यात लेसचा छोटा फासा करून दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओढली होती. टाच जागच्या जागी. ‘तुमची चुकीची ओवलीय’, ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून तिने माझ्या दोन्ही बुटांच्या लेस काढून पुन्हा ओवल्या. फोर-ई रुंदीच्या बुटासाठी मी इतकी वर्षं दुकानं पालथी घालत होते, त्यातलं निम्मं काम या फुकटच्या युक्तीने केलं. पुढे ती कारागृह पोलिसात लागली. तिथले बूट कसे आहेत, असं मी फोनवर विचारलं. ‘कडक’, एवढंच उत्तर आलं.

पळायचा बूट साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो, असं धरून चालतात. वरून तो चांगला दिसतो, आतला फोम मात्र बसलेला असतो. दाबला तर परत उठत नाही, आणि मग गुडघे कुरकुरायला लागतात. एवढ्यात बूट टाकून द्यायचा, हे आमच्या घरात कोणाला पटत नाही, मलाही. माझे उतरलेले बूट गावाकडे सासूबाईंकडे जातात. त्या ते शेतात घालतात, पाणी धरायला आणि कापूस वेचायला. लुगड्याचा काचा मारलेला आणि खाली राखाडी पुरुषी बूट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बूट घातला तो सत्तरीत, माझा. पहिल्या जोडाला त्यांनी विळ्याने करंगळीच्या जागी दोन्हीकडे भोकं पाडली, एक शब्द न बोलता. दुसऱ्या जोडाच्या वेळी मी बरोबर होते. त्यांनी बूट घातला, बांधावरून विहिरीपर्यंत गेल्या, परत आल्या, खाली बसून चवडा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, ‘पुढच्या बारीला येक नंबर मोठाच आन. तुझा पाय लई बारीक हाये.’